अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : कर्णबधिरांचे शिक्षक



जागतिक आरोग्य संघटना ३ मार्च हा दिवस 'जागतिक श्रवण दिन' म्हणून पाळते. तीनचे दोन आकडे शेजारी लिहिले की ते दोन कानांसारखे दिसतात, म्हणून ही तारीख निवडली गेली. योगायोग असा, की याच तारखेला १८४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म झाला. टेलिफोनचा शोध लावणारे म्हणून त्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु स्वतः बेल यांना कोणी व्यवसाय विचारला, तर ते आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत असेच सांगत.

दहावी-बारावी जवळ आली की घरोघरी 'पुढे काय?' हा विषय निघतो. डॉक्टर, इंजिनिअर, संगणक यांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. ऐकणे आणि बोलणे यांच्याशी निगडित असलेले दोन व्यवसाय मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतात. कानाची तपासणी करून ऐकण्यास मदत करणारा तो ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. बोलणे, भाषा आणि आवाज यांतील अडचणींवर उपाय करणारा तो स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. या व्यवसायाची गोडी, त्यातील कष्ट आणि त्यात होऊ शकणारी मोठी चूक, हे तिन्ही बेल यांच्या चरित्रात पाहायला मिळते. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून घेऊ.

घरातच शाळा

बेल यांच्या घराण्यात बोलणे हाच धंदा होता. आजोबा लंडनमध्ये शुद्ध उच्चार आणि वक्तृत्व शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही तेच शिकवीत. आई एलायझा चित्रकार होत्या आणि पियानो उत्तम वाजवीत. त्यांना मात्र फारच कमी ऐकू येई. कानाला लावलेल्या नळीचे दुसरे टोक पियानोवर टेकवून त्या सूर ऐकत. इतर लोक त्या नळीत मोठ्याने ओरडून बोलत. लहानगा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन, खालच्या आवाजात, सावकाश आणि स्पष्ट बोले. ते तिला समजे. पाहुणे आले की चाललेले संभाषण तो आईला बोटांच्या वर्णमालेने सांगे. ऐकू न येणाऱ्या माणसाला कसे सामावून घ्यायचे, हे त्याला घरातच शिकायला मिळाले.

वडिलांनी 'व्हिजिबल स्पीच' नावाची एक लिपी तयार केली. १८६७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या लिपीत प्रत्येक चिन्ह जीभ, ओठ आणि कंठ कोठे व कसे ठेवायचे ते दाखवते. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपली वर्णमालाच त्या क्रमाने मांडलेली आहे. 'क'वर्ग कंठातला, 'च'वर्ग टाळूचा, 'ट'वर्ग मूर्धन्य, 'त'वर्ग दातांचा आणि 'प'वर्ग ओठांचा. इंग्रजी लिपीत अशी सोय नाही. म्हणून मेलव्हिल बेल यांची लिपी त्या काळी लोकांना नवलाची वाटली.

वडील सभांमधून तिची प्रात्यक्षिके करीत. मुलाला खोलीबाहेर पाठवायचे, श्रोत्यांनी कोणत्याही भाषेतील आवाज काढायचे, वडिलांनी ते फळ्यावर चिन्हांत लिहायचे आणि मुलाने आत येऊन नुसते वाचून दाखवायचे. अशाच एका सभेत अलेकने संस्कृतमधील मूर्धन्य 'ट' पहिल्याच प्रयत्नात बरोबर उच्चारला आणि टाळ्या मिळवल्या. इंग्रजांच्या जिभेला आपला 'ट' सहज जमत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टाळ्यांचे कारण कळते.

अलेक आणि त्याचा मोठा भाऊ यांनी घरी एक बोलणारे यंत्रही केले. रबर, लाकूड आणि पत्रा वापरून त्यांनी घसा, जीभ आणि ओठ तयार केले. फुंकर घातली की त्यातून लहान मूल आईला हाक मारते आहे असा आवाज येई. शेजारी कोणाचे मूल रडते आहे म्हणून पाहायला आले, तेव्हा दोघा भावांना कोण आनंद झाला! आवाज कसा तयार होतो, हे ज्याने हाताने करून पाहिले तो ते दुसऱ्याला शिकवू शकतो. बेल यांच्या पुढच्या आयुष्यात हीच गोष्ट उपयोगी पडली.

शिक्षक बेल

सोळाव्या वर्षीच ते स्कॉटलंडमधील एल्गिन गावी एका शाळेत संगीत आणि वक्तृत्व शिकवू लागले. १८६८ साली लंडनमधील कर्णबधिर मुलांच्या एका खासगी शाळेत त्यांनी वडिलांची लिपी वापरून पाहिली. ज्यांनी कधी आवाज ऐकला नव्हता अशी मुले थोड्याच दिवसांत काही ध्वनी उच्चारू लागली.

परंतु घरावर दुःखाचे डोंगर कोसळत होते. १८६७ साली धाकटा भाऊ क्षयाने गेला. १८७० साली मोठा भाऊही त्याच आजाराने गेला. अलेकचीही प्रकृती नाजूक होती. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी देश सोडला आणि कुटुंब कॅनडात ब्रँटफर्ड येथे राहायला गेले. मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली.

१८७१ साली ते अमेरिकेत बोस्टन शहरातील कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षकांना ही लिपी शिकवायला गेले. पुढे स्वतःचा वर्ग काढला आणि १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे काम फार चिकाटीचे होते. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, कंप जाणवू द्यायचा, मग तसाच कंप त्याच्या गळ्यात येईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. एकेका ध्वनीला कित्येक दिवस लागत. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत जन्मापासून ऐकू न येणारा जॉर्ज सँडर्स हा लहान मुलगा होता. पाच वर्षांची असताना तांबड्या तापाने ऐकणे गमावलेली मेबल हबर्ड ही मुलगी होती. मेबल समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखण्यात तरबेज होती.

टेलिफोनची गोष्ट याच वर्गातून सुरू होते. आवाजाच्या लहरी डोळ्यांनी दिसल्या तर बहिऱ्या मुलांना स्वतःचा उच्चार तपासता येईल, असे बेल यांना वाटे. त्यासाठी १८७४ साली त्यांनी एका कानाच्या डॉक्टरांकडून मृत माणसाचा कान मिळवला आणि त्याला गवताची काडी जोडून धुरकट काचेवर आवाजाच्या रेषा उमटवल्या. कागदासारखा पातळ पडदा त्यामागची हाडे सहज हलवतो, हे त्यांनी पाहिले. मग तसाच एक मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? त्यातून विजेचा प्रवाह आवाजाप्रमाणे कमीजास्त का होणार नाही? ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १० मार्चला त्यांचे सहायक थॉमस वॉटसन यांना दुसऱ्या खोलीत तारेवरून त्यांचे बोलणे समजले. याच शोधावर एलिशा ग्रे आणि अंतोनिओ मेउची यांचाही हक्क सांगितला गेला आणि त्यावरून पुष्कळ वाद व खटले झाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या प्रयोगांना पैसा पुरवला तो जॉर्ज आणि मेबल या दोघा विद्यार्थ्यांच्या वडिलांनी. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट पेद्रो यांनी बेल यांना ओळखले आणि परीक्षकांसह ते त्यांच्या यंत्रापाशी थांबले. ही ओळखही कर्णबधिर मुलांच्या वर्गाला त्यांनी दिलेल्या भेटीतलीच! जुलै १८७७ मध्ये बेल यांचे मेबलशी लग्न झाले. कंपनीतील आपले दहा सोडून सर्व शेअर त्यांनी तिच्या नावे करून दिले.

पैसा आला तेव्हा

इतके वैभव आल्यावर शिकवणे सोडून देता आले असते. बेल यांनी तसे केले नाही. १८८० साली फ्रान्सने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्यातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि तिच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथे बहिरेपणाविषयीची माहिती जमवणारी 'व्होल्टा ब्यूरो' ही संस्था काढली. विजेच्या साहाय्याने ऐकण्याची शक्ती मोजणारे यंत्रही त्यांनी तयार केले आणि शाळेतील मुलांवर वापरून पाहिले. बहिरी समजली जाणारी काही मुले प्रत्यक्षात थोडेफार ऐकू शकतात, हे अशा तपासण्यांतून कळले. आज दवाखान्यात कानाला हेडफोन लावून ऑडिओमेट्री करतात, ती याच मार्गाने पुढे आलेली तपासणी आहे. आवाज मोजण्याच्या 'डेसिबल' या एककात बेल यांचेच नाव आहे.

१८८६ साली एक वडील आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. तिला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. बेल यांनी त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेला पत्र लिहायला सांगितले. त्या संस्थेने पाठवलेली शिक्षिका ॲन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी, नेमक्या बेल यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, त्या मुलीच्या घरी पोहोचली. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. पुढे हेलन केलर यांनी आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले.

एक मोठी चूक

इथवरचे चरित्र वाचून मन भरून येते. पण त्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असली पाहिजे.

बहिऱ्या मुलांनी बोलायला शिकावे, ओठ वाचावेत आणि ऐकणाऱ्या समाजात मिसळून जावे, असे बेल यांचे मत होते. इथपर्यंत ठीक होते. परंतु त्यासाठी शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी, बहिरे शिक्षक नेमू नयेत, असाही त्यांचा आग्रह होता. १८८३ साली त्यांनी विद्वानांच्या सभेत एक निबंध वाचला. बहिरी माणसे एकमेकांशी लग्ने करीत राहिली तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल, अशी भीती त्यांनी त्यात मांडली. अशा विवाहांवर कायद्याने बंदी घालून उपयोग होईल का, याची त्यांना स्वतःलाच शंका होती. पण आपली भाषा आणि आपली माणसे यांच्यापासून बहिऱ्या मुलांना वेगळे ठेवावे, हा त्यांचा उपाय होता.

त्यांचे मोठे विरोधक एडवर्ड गॅलॉडेट हे वॉशिंग्टनमधील बहिऱ्यांच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते. त्यांची आईही बहिरी होती आणि ती खुणांनी बोलत असे. बोलणे शिकवायला त्यांची हरकत नव्हती. खुणांची भाषा मात्र काढून घेऊ नका, असे ते सांगत. दोघांच्याही आईला ऐकू येत नव्हते, दोघांनीही तिच्यावर प्रेम केले आणि दोघे अगदी वेगळ्या निष्कर्षाला पोहोचले! बेल यांच्या आईचे ऐकणे कमी झाले होते, तर पत्नीचे वयाच्या पाचव्या वर्षी गेले. दोघींच्याही तोंडी आधीपासून भाषा होती. जन्मतःच काहीही ऐकू न आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी असते. घरातल्या दोन माणसांवरून सगळ्यांचे अनुमान काढता येत नाही.

१८९८ साली व्होल्टा ब्यूरोनेच एडवर्ड फे यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बहिऱ्या माणसांचे साडेचार हजारांच्या आसपास विवाह तपासले होते. ज्यांच्या मुलाबाळांची माहिती मिळाली, त्यांपैकी दहापैकी सुमारे नऊ विवाहांत एकही मूल बहिरे नव्हते. बेल यांची भीती खरी नव्हती. परंतु तोवर वारे फिरले होते. १८८० साली इटलीत मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला होता. बेल यांच्यासारख्या वजनदार माणसाचे मत अमेरिकेत त्याच बाजूला पडले. अनेक शाळांतून खुणांची भाषा गेली आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. काही मुले बोलायला शिकली. पण कित्येकांना बोलणेही नीट आले नाही आणि खुणाही मिळाल्या नाहीत. ज्या वयात भाषा यायची ते वय निघून गेले की शिकणे, विचार करणे, मित्र करणे सारेच कठीण होते.

१९६० साली विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिले, की अमेरिकन खुणांच्या भाषेला स्वतःची घडण आणि व्याकरण आहे, म्हणजेच ती इतर भाषांसारखीच पूर्ण भाषा आहे. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या घरी बेल यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते. चरित्रकारांनी त्यांच्या अखेरच्या क्षणांची एक आठवण नोंदवली आहे. मेबलने त्यांना सोडून जाऊ नका असे विनवले, तेव्हा त्यांना बोलवेना. त्यांनी बोटांनी नकाराची खूण केली आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. जन्मभर ज्या खुणांना शाळेबाहेर ठेवावे म्हणून ते झटले, त्यांच्याशिवाय शेवटी त्यांच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते.

आज हा व्यवसाय

बेल यांच्या काळी एकच माणूस कान मोजी, उच्चार शिकवी आणि यंत्रेही करी. आज ही शास्त्रे स्वतंत्रपणे शिकवली जातात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी ते झोपेत असतानाच काही मिनिटांत करता येते. श्रवणयंत्र निवडणे, ते बसवणे, कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या मुलाला ऐकायला शिकवणे, कारखान्यातील गोंगाटाने कामगारांचे कान बिघडू नयेत हे पाहणे, ही कामे श्रवणतज्ज्ञाची. अडखळत बोलणारी मुले, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुले, उशिरा बोलू लागलेली मुले, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, गिळायला त्रास होणारे रुग्ण, ओरडून आवाज बसलेले शिक्षक, हे सारे वाचा-उपचारतज्ज्ञाकडे येतात.

यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर बी.ए.एस.एल.पी. हा पदवी अभ्यासक्रम असतो. प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष धरून तो चार वर्षांचा आहे. पुढे एम.एस्सी. करता येते. काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली. या मुंबईच्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या सिकंदराबादेत मनोविकास नगर येथे आहे. ज्यांना खुणांच्या भाषेचे दुभाषी किंवा शिक्षक व्हायचे आहे, त्यांच्यासाठी २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून ते त्या त्या वर्षी संस्थेकडूनच समजून घ्यावेत.

आपल्या मुलांना या व्यवसायात एक वेगळी संधी आहे. आपल्याकडे घरी मराठी, अंगणात तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू आणि वर्गात इंग्रजी चालते. मूल उशिरा बोलू लागले की घरची भाषा बंद करून एकच भाषा बोला, असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. अनेक भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे बिघडते याला अभ्यासाचा आधार नाही. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हायला हवी, हे आता मान्य झाले आहे. त्यासाठी ती भाषा येणारा तज्ज्ञ हवा. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या मराठी आजीला पहिला शब्द सापडेल तो मराठीतच सापडण्याचा संभव अधिक. तेव्हा तिच्याजवळ मराठी जाणणारे कोणी असले पाहिजे. चार भाषा बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांइतके योग्य उमेदवार कोठे मिळणार?

मित्रांनो, बेल यांची चिकाटी घ्या. मुलाच्या कपाळाजवळ वाकून हळू बोलण्याची त्यांची माया घ्या. मात्र मुलाजवळ जी भाषा आहे, मग ती हातांची असो वा घरची असो, ती काढून घेऊ नका. तिच्या शेजारी दुसरी भाषा आणून ठेवा. ज्यांना या क्षेत्राची आवड वाटते त्यांनी आपल्या वर्गशिक्षकांशी अवश्य बोलावे. आणि पालकहो, तान्हे बाळ टाळीच्या आवाजाने दचकत नसेल, किंवा मूल बोलायला उशीर करीत असेल, तर होईल हळूहळू म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या.